तारेवरची वाट : बेटाकडे जाणाऱ्या रज्जुमार्गाचे विज्ञान आणि विवेक

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवीत असत आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला त्यांनी कधीही गप्प बसविले नाही. उत्तर ठाऊक नसले तर ते सरळ म्हणत, "उद्या सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगत. म्हणून यंदाच्या पुस्तिकेसाठी विषय निवडताना मी एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचाच आधार घेतला आहे.

शाळेच्या सहलीबरोबर मी गणेशगुडीला गेलो होतो. सुपा धरणाच्या जलाशयाकाठी मुले डबे उघडून बसली होती. समोर दूरवर पाणी आणि त्या पाण्यात मान वर काढून राहिलेल्या हिरव्या टेकड्या. आठवीतल्या एका मुलीने त्यांतील एकीकडे बोट दाखवून विचारले, "सर, सिंगापूरला म्हणे समुद्रावरून पाळण्यात बसून बेटावर जातात. मग आपल्या ह्या बेटावर तसा पाळणा का नाही?"

मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. तिने दाखविलेली टेकडी बेट नव्हती तेव्हापासून मी तिला ओळखतो. तिच्या उतारावर आम्ही गुरे चारली, करवंदे खाल्ली. काळी आणि पांढरी ह्या नद्यांच्या संगमावरचे जुने सुपे गाव आणि भोवतालच्या वाड्या ऐंशीच्या दशकात पाण्याखाली गेल्या. १०१ मीटर उंच व ३३२ मीटर लांब असे हे धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. गावे रामनगरला आणि इतरत्र हलली. टेकड्या कोठे हलणार? त्या राहिल्या आणि बेटे झाल्या.

मीही गुरुजींसारखेच "उद्या सांगतो" असे म्हणालो. उत्तर द्यावयास एका दिवसाहून अधिक वेळ लागला. ते येथे मांडतो.

दोराची जुनी विद्या

रज्जुमार्ग म्हणजे दोरावरून नेण्याचा मार्ग. 'रोपवे' हा शब्द आता आपल्याकडे रुळला आहे. पण कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या जिल्ह्यातील सुपारीच्या बागेत तोडणीच्या दिवसांत उभे राहून पाहा. झाडावर चढलेला गडी घोस तोडतो आणि तिरप्या ताणलेल्या दोरावरून खाली सोडतो. खालचा गडी दोराचे टोक धरून उभा असतो. घोस सरकत त्याच्याजवळ येतो, जमिनीवर आपटून फुटत नाही. आधाराचा दोर, त्यावरून सरकणारे ओझे आणि ते अलगद उतरवून घेणारा माणूस ही रज्जुमार्गाची तिन्ही मूळ अंगे येथे आहेत. हिमालयातील नद्यांवर एकाच दोराला लोंबकळून पैलतीर गाठण्याची रीत पुष्कळ जुनी आहे.

युरोपात १६४४ मध्ये आडाम वीबे नावाच्या स्थापत्यकाराने ग्दान्स्क शहराच्या तटबंदीसाठी माती वाहून नेण्याकरिता अनेक खांबांवरून फिरणारा अखंड दोर बसविला आणि त्याला टोपल्या टांगल्या. तो दोर तागाचा होता. तागाचा दोर भिजतो, कुजतो आणि आतून केव्हा झिजला ते बाहेरून कळत नाही. खरी क्रांती झाली १८३४ मध्ये. जर्मनीतील हार्त्स पर्वतातल्या खाणींचे अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट ह्यांनी लोखंडी तारा पिळून दोर तयार केला. पिळलेल्या दोराचा गुण असा की, एक तार तुटली तरी शेजारच्या तारा तिचा भार वाटून घेतात. साखळीची एक कडी तुटली की सारे संपते. तारेच्या दोराचे तसे नाही. तो तुटण्यापूर्वी इशारे देतो. मात्र ते वाचणारा माणूस जागा असावा लागतो.

तार सरळ का नसते?

रज्जुमार्गाचे चित्र काढताना मुले बहुधा दोन खांबांमध्ये पट्टीने सरळ रेघ मारतात. प्रत्यक्षात अशी तार जगात कोठेही नाही. नागझरीच्या वीजकेंद्राकडून निघालेल्या विजेच्या तारा पाहा. प्रत्येक दोन मनोऱ्यांमध्ये त्या खाली झुकलेल्या असतात. ह्या झुकण्याला आपण झोळ म्हणू.

झोळ का हवा, हे समजण्यासाठी घरी वाळत घालायची दोरी बांधा आणि तिच्या मधोमध ओले लुगडे टाका. दोरी सैल असेल तर लुगडे खाली येते, पण खुंट्यांना फारसा त्रास होत नाही. दोरी जितकी ताठ कराल तितक्या खुंट्या आत ओढल्या जातात. कारण वजन सरळ खाली ओढते आणि दोरी ते तोलते आपल्या तिरपेपणाने. तिरपेपणा जेवढा कमी तेवढा तोच भार तोलण्यासाठी ताण अधिक लागतो. दोरी अगदी आडवी करावयाची तर ताण अमर्याद हवा. आणि अमर्याद ताण सोसणारा दोर कोणीही बनविलेला नाही.

ह्याचा हिशेब शाळेच्या फळ्यावर करता येतो. दोन खांबांमधील अंतर ४०० मीटर आणि दोराचे वजन दर मीटरला १० किलोग्रॅम आहे असे धरू. दर मीटरच्या वजनाला अंतराच्या वर्गाने गुणावे आणि झोळाच्या आठपटीने भागावे, म्हणजे आडवा ताण मिळतो. झोळ २० मीटर ठेवला तर ताण १० टन येतो. झोळ १० मीटर केला तर २० टन. ५ मीटर केला तर ४० टन. आणि कोणी हट्टाने झोळ केवळ १ मीटर ठेवू म्हणाला, तर ताण २०० टन! सबंध दोराचे वजन मात्र अवघे ४ टन आहे.

आता ह्या दोराच्या मध्यावर माणसांसकट २ टन वजनाचा पाळणा आला आणि झोळ २० मीटरच राहिला पाहिजे असे ठरविले, तर ताणात आणखी १० टनांची भर पडते. पाळणा पुढे सरकला की ही भर कमी होते, दुसरा पाळणा आला की पुन्हा वाढते. शिवाय दुपारच्या उन्हात पोलाद प्रसरण पावते. तापमान २० अंशांनी वाढले तर ४०० मीटरचा दोर जेमतेम १० सेंटीमीटर लांबतो. पण तेवढ्याने झोळ फुटाहून अधिक खाली येतो. हे चढउतार सांभाळण्यासाठी पूर्वीपासून एक साधी युक्ती वापरतात. दोराचे एक टोक चाकावरून वळवून विहिरीसारख्या खड्ड्यात त्याला मोठे वजन टांगतात. दोर सैल झाला की वजन थोडे उतरते, ताठ झाला की थोडे चढते, आणि ताण जवळजवळ स्थिर राहतो. अलीकडच्या रचनांमध्ये पुष्कळदा हेच काम तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे करतात.

जाणारा आणि येणारा

रज्जुमार्गांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला येरझाऱ्यांचा. त्यात पाळणे स्थिर, जाड दोरावर चाकांनी धावतात आणि दुसरा, बारीक दोर त्यांना ओढतो. एका बाजूचा पाळणा निघतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा परततो. विहिरीच्या रहाटाला दोन घागरी बांधल्यासारखेच हे आहे. उतरणारे वजन चढणाऱ्याला मदत करते आणि यंत्राला केवळ दोहोंतील फरक व घर्षण एवढेच ओढावे लागते. १९९६ मध्ये सुरू झालेला रायगडाचा रज्जुमार्ग ह्या जातीचा आहे. त्याचे खालचे स्थानक हिरकणीवाडीला आहे. बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा ज्या वाडीशी जोडलेली आहे, तेथूनच आज वृद्ध माणसे चौदाशेंहून अधिक पायऱ्या टाळून काही मिनिटांत गडावर पोहोचतात.

दुसरा प्रकार फेऱ्यांचा. ह्यात दोर अखंड फिरत राहतो आणि पाळणे त्याला चिमट्यांनी पकडून असतात. स्थानकात शिरताच चिमटा सुटतो, पाळणा मंद गतीने सरकतो, माणसे चढतात-उतरतात, आणि बाहेर पडताना चिमटा पुन्हा दोर धरतो. २०२० मध्ये गिरनार पर्वतावर सुरू झालेला, २.३ किलोमीटर लांबीचा रज्जुमार्ग ह्या प्रकारचा आहे.

बेटावर जाणाऱ्या मार्गाला दोन्ही प्रकार चालतात. पण त्याची एक वेगळी अडचण असते. डोंगरावर हवे तेथे खांब रोवता येतो. पाण्यात खांब रोवणे कष्टाचे आणि खर्चाचे. म्हणून दोन खांबांमधील अंतर वाढवावे लागते. आणि वरच्या हिशेबात ताण अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो हे आपण पाहिलेच. अंतर दुप्पट झाले आणि झोळ तोच ठेवला, तर ताण चौपट. झोळ वाढवावा तर तार पाण्याकडे उतरते, आणि खालून जाणाऱ्या नौकांची वाट अडते. ह्यावर उपाय एकच. खांब उंच, अतिशय उंच करावयाचे. व्हिएतनाममधील फू क्वोक बेटावरून होन थोम बेटाकडे जाणारा रज्जुमार्ग २०१८ मध्ये सुरू झाला. त्याची लांबी ७,८९९.९ मीटर आहे आणि तो मधल्या लहान बेटांचा आधार घेत समुद्र ओलांडतो.

आपल्या देशात गुवाहाटीला ब्रह्मपुत्रेवर ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेला रज्जुमार्ग सुमारे १.८ किलोमीटर लांब आहे. नदीच्या मध्यावरील उमानंद मंदिराचे बेट त्याच्या वाटेत खाली दिसते, पण पाळणा तेथे थांबत नाही. तो शहराला उत्तर गुवाहाटीशी जोडतो. बेट पाहण्याची हौस आणि पलीकडे जाण्याची गरज ही दोन्ही त्या एकाच दोरावर बसली आहेत, हे लक्षात ठेवावे.

दोर जे शिकवितो

माझ्या विद्यार्थिनीने ज्या सिंगापूरचे नाव घेतले, तेथील सेंटोसा बेटाचा रज्जुमार्ग फेब्रुवारी १९७४ मध्ये सुरू झाला. २९ जानेवारी १९८३ रोजी तेलासाठी समुद्रतळ खोदणारे 'एनिवेटॉक' नावाचे जहाज धक्क्यावरून निघाले आणि त्याचा उंच मनोरा तारांत अडकला. दोन पाळणे समुद्रात कोसळले. सात माणसे मरण पावली. वर अडकलेल्या तेरा जणांची सुटका हेलिकॉप्टरने करण्यात आली. दोर चांगला होता, यंत्रेही चालू होती. चुकला तो उंचीचा हिशेब. वरून जाणाऱ्याने आणि खालून जाणाऱ्याने एकमेकांची उंची ध्यानात ठेवली पाहिजे, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे.

दुसरा धडा इटलीतील आहे. माग्गिओरे सरोवराकाठच्या मोत्तारोने डोंगरावर २३ मे २०२१ रोजी पाळण्याचा ओढदोर तुटला. अशा वेळी आधारदोराला घट्ट पकडणारा आपत्कालीन ब्रेक पाळण्याला होता. परंतु तो वरचेवर आपोआप लागतो आणि फेऱ्या खोळंबतात, म्हणून तो निकामी करून ठेवलेला होता. चौदा माणसे गेली. पाळण्यातले एक लहान मूल तेवढे वाचले. ब्रेक वारंवार लागत होता ह्याचा अर्थ यंत्र काहीतरी सांगत होते. त्याचे ऐकण्याऐवजी त्याचे तोंड बांधण्यात आले.

तिसरा धडा आपल्याच देशातील. १० एप्रिल २०२२ रोजी झारखंडमधील देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर रज्जुमार्ग बंद पडून पाळणे दरीवर लटकत राहिले. वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांनी माणसे काढण्याचे काम १२ एप्रिलपर्यंत चालले, आणि त्यात सर्वांनाच वाचविता आले नाही. वर नेण्याची सोय करताना, मध्येच अडकल्यास खाली आणण्याची सोय त्याच कागदावर काढलेली असावी.

ह्या कथा भीती घालण्यासाठी सांगितलेल्या नाहीत. नीट राखलेला रज्जुमार्ग हे प्रवासाचे सुरक्षित साधन आहे. पण 'नीट राखलेला' हे शब्द फार महत्त्वाचे. वाऱ्याचा वेग मोजून ठराविक मर्यादेपुढे फेऱ्या थांबविणे, वीज गेल्यास दुसरे इंजिन तयार ठेवणे, दोरातील तुटलेल्या तारा चुंबकीय उपकरणाने शोधणे, पाण्यावरच्या मार्गासाठी नौका व उतरण्याचे दोर सज्ज ठेवणे ही कामे रोजची आहेत. उद्घाटन एकदाच होते. देखभाल रोज करावी लागते आणि तिला कोणी हार घालीत नाही.

घारापुरीची गोष्ट

मराठी माणसाला बेट म्हटले की घारापुरी आठवते. तेथील लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मुंबईतील शिवडीहून घारापुरीपर्यंत समुद्रावरून सुमारे ८ किलोमीटरचा रज्जुमार्ग करण्याची योजना काही वर्षांपूर्वी बरीच गाजली. ती कागदावरच राहिली, आणि प्रवासी गेटवेपासून बोटीनेच जातात.

ह्या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. तेव्हा बोट म्हणजे निर्धोक आणि तार म्हणजे धोका, असे कोणी म्हणू नये. दुसऱ्या बाजूस, बेटावरच्या राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर ह्या वस्त्यांतील अनेकांचे पोट प्रवाशांवर चालते. बोट धक्क्याला लागते, लोक चालत वर जातात, वाटेत पाणी पितात, काकडी घेतात. पाळणा जर थेट लेण्यांपाशी उतरला, तर ही वाटच नाहीशी होते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. महामुंबईच्या दिव्यांसमोर असलेल्या ह्या बेटाला समुद्राखालून तार टाकून नियमित वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. प्रवाशांना वरून नेणाऱ्या तारेची चर्चा आणि रहिवाशांना खालून दिवा देणारी तार ह्या दोन्ही साधारण एकाच काळातल्या. त्यांतली दुसरी आधी पोहोचली हे योग्यच झाले. ज्यांच्या गावांच्या जागी पाणी साठवून इतरांसाठी वीज निर्माण झाली, अशा आपल्या तालुक्यातील माणसांना ह्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या बेटाचे उत्तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या जलाशयातील टेकडीपर्यंत पाळणा नेता येईल काय? स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने नेता येईल. किंबहुना जलाशयाच्या बाबतीत पाळण्याचा एक लाभही आहे. समुद्राची भरती-ओहोटी ठरलेली असते. जलाशयाचे पाणी मात्र पावसाळ्याअखेरीस वर चढते आणि उन्हाळ्यात अनेक मीटर खाली उतरते. नौकेचा धक्का एकदा पाण्यात असतो, एकदा चिखलात. तारेला पाण्याच्या पातळीशी कर्तव्य नसते.

परंतु विज्ञानाला 'होईल का' एवढेच विचारून भागत नाही. 'कोणासाठी' आणि 'कशाच्या मोबदल्यात' हेही विचारावे लागते. आपला तालुका काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाने वेढलेला आहे. दांडेली-अणशी ह्या नावाने २००७ मध्ये घोषित झालेल्या ह्या प्रकल्पाला २०१५ मध्ये काळी नदीचे नाव मिळाले. येथे खांबासाठी झाडे पाडावयाची आणि त्यासाठी रस्ता काढावयाचा, तर वन व वन्यजीव कायद्यांच्या परवानग्या लागतात, आणि त्या लागल्याच पाहिजेत. धनेश पक्षी ज्या उंचीवरून उडतात, त्याच उंचीवर आपली तार असेल. आणि त्या टेकडीवर आज कोणी राहत नाही. तेथे जाऊन प्रवासी काय पाहणार? पाणीच. त्या पाण्याखाली काय आहे, हे त्याला कोण सांगणार?

आमच्या जुन्या गावाच्या ओढ्यावर बांबूचा साकव होता. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घरातून एक माणूस येई आणि तो नव्याने बांधला जाई. आषाढातल्या एका सकाळी तो वाहून गेला. माझी आई पलीकडच्या वाडीत बाळंतिणीची देखभाल करावयास गेली होती. ती तीन दिवस तिकडेच अडकली. त्या तीन दिवसांत ओढ्याची रुंदी जेमतेम वीस पावले होती, हे मी आजही विसरलेलो नाही.

तारेच्या विद्येचा उपयोग अशा वीस पावलांसाठीही करता येतो. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील सुळ्य येथील अभियंते गिरीश भारद्वाज ह्यांनी १९८९ मध्ये पयस्विनी नदीवर अरंबूर येथे पादचाऱ्यांसाठी झुलता पूल बांधला. पुढे त्यांनी देशात असे शंभराहून अधिक पूल उभे केले आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तारांचा झोळ, ताण आणि टोकाचा भक्कम खुंटा ह्यांचे गणित तेथेही तेच आहे, जे मी वर मांडले. फरक एवढाच की, त्या तारेवरून जाणाऱ्याला तिकीट काढावे लागत नाही आणि तो रोज जातो.

केंद्र सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' ही रज्जुमार्गांची राष्ट्रीय योजना जाहीर केली. पुढील काळात पुष्कळ डोंगर-दऱ्यांवर तारा दिसू लागतील. ह्या शाळेतील एखादी मुलगी उद्या त्या आखणाऱ्यांत असेल. तिने झोळाचे सूत्र शिकावे. आणि खांबाची जागा ठरविण्यापूर्वी खाली कोण राहते, कोण नौका चालविते, कोण पायी जाते, हेही पाहावे.

मी हे सारे त्या मुलीला वर्गात सांगितले. फळ्यावर झोळाचा हिशेब केला. तिने दोन बाकांमध्ये सुतळी बांधून मध्ये दगडी पाटी टांगली आणि सुतळी ताणताना बाक कसे पुढे सरकतात, ते सर्वांना दाखविले. नंतर तिने वहीत स्वतःच एक उदाहरण मांडले. अंतर तिने ४०० मीटर घेतले नव्हते, ३० मीटर घेतले होते. मी कारण विचारले. ती म्हणाली, "आमच्या वाडीचा ओढा एवढाच आहे, सर."

पावसाळ्यात ओढे भरतात त्या दिवशी तिच्या बाकावरची जागा रिकामी असते. हजेरीपत्रकात आम्ही 'गैरहजर' असे लिहितो.